सलूनच्या खुर्चीची राहून गेलेली साक्ष

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या खुर्च्यांसारखी नव्हे. त्यांना कोणी जेवायला ओढून घेतं, कोणी दिवा बदलायला त्यांच्यावर चढतं, पाहुणे आले की त्या या खोलीतून त्या खोलीत जातात. माझ्या नशिबी ते नाही. मी सलूनमधली खुर्ची आहे. माझ्या बुडाला चार बोल्ट आहेत आणि ते फरशीत पक्के रुतलेले आहेत. मी गोल फिरते, वर होते, खाली होते, मागे झुकते. जात मात्र कुठेच नाही.

माझं बूड ओतीव लोखंडाचं. ज्या कारखान्यात ते ओतलं, तिथे शेजारीच पाण्याच्या पंपांचे भाग ओतत असत. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, आपणही पंपच होणार. मग कोणीतरी माझ्यावर बैठक बसवली, दोन हात जोडले, त्यांवर लाल रेक्झीन ताणून खिळे ठोकले आणि मान टेकायला एक उशी लावली. तेव्हा कुठे मला कळलं की आपल्याला जन्मभर दुसऱ्यांची डोकी सांभाळायची आहेत.

मी दुकानात आले तेव्हा आमचे मालक तरुण होते. न्हाव्याचं काम ते त्यांच्या वडिलांकडून शिकले होते. माझे बोल्ट त्यांनी स्वतःच्या हाताने आवळले, पाना खाली ठेवला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता हलून दाखव बरं." मी काय हलणार?

ते दिवस सुखाचे होते, खोटं कशाला बोलू. माझ्यात बसलं की माणसाला डुलकी लागायची. लोक म्हणायचे, "घरच्या गादीवर झोप येत नाही, इथे मात्र दोन मिनिटांत येते." माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून मालक लहान मुलांना बसवत. तुमच्याच वयाची कितीतरी मुलं त्या फळीवर बसून माझ्या कानाशी भोकाड पसरून रडली आहेत. मोठी झाल्यावर तीच मुलं दाढी करायला येतात आणि मिशीला ताव देतात. मी गप्प बसते. मला सगळं आठवतं, पण चारचौघांत कोणाचं काढू नये.

आता आमच्या मालकांचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमामुळेच घडलं. त्यांचे वडील त्यांना शिकवून गेले होते, "गिऱ्हाईक खुर्चीत असताना आपलं दुखणं काढायचं नाही. तो माणूस आपलं डोकं तुझ्या हातात देतो. गळ्यावर वस्तरा ठेवू देतो. त्या हाताला काही होतंय अशी शंकासुद्धा त्याला येता कामा नये." सांगितलं ते काही चूक नव्हतं. पण मालकांनी ते इतकं अंगी बाणवलं की कोणी "काय, कसं काय?" म्हणायचा अवकाश, त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं, "एकदम बरं आहे." दाढ ठणकत असली तरी बरं आहे. अंगात ताप असला तरी बरं आहे. त्यांची बायको गेली, त्यानंतर दुकान उघडलं त्या दिवशीही त्यांनी पहिल्या गिऱ्हाइकाला हेच सांगितलं. एका हाताने त्यांनी माझी पाठ घट्ट धरून ठेवली होती. ते मला कळलं, गिऱ्हाइकाला नाही.

आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर आमचेच गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं माझ्यात बसून त्यांनी केस कापून घेतले होते. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत. केस कापतानाही घड्याळ बघायचा. एकदा दुपारी मालकांची कंबर धरली. वाकता येईना, सरळ होता येईना. ते रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले. तिथे रांग लागली होती. डॉक्टरांनी बोलता बोलता कमरेखाली इंजेक्शन टोचलं, आणि ते जिथे द्यायला हवं तिथे न देता भलतीकडे दिलं. सुई पायाच्या मोठ्या नसेला लागली. मालक नंतर सांगायचे की वीज शिरावी तशी एक कळ अंगठ्यापर्यंत गेली आणि मग पाय आपला राहिलाच नाही.

ते परत आले तेव्हा एक चप्पल रस्त्यातच राहिली होती. पायातून कधी निसटली, त्यांना कळलंही नव्हतं. उजव्या पायाचं पाऊल वर उचलेना. पूर्वी ते माझ्याभोवती फिरले की टप टप असा आवाज यायचा. त्या दिवसापासून एक टप आणि एक फरफट.

डॉक्टर म्हणाले, "होईल बरं, थोडे दिवस जाऊ द्या." दिवस गेले. पाऊल उचललं नाही. दुकान कित्येक आठवडे बंद राहिलं. मी अंधारात एकटीच आरशासमोर बसून होते. आरशातही मीच. तुम्ही कधी कुलूपबंद दुकानात स्वतःकडे बघत बसला आहात का? बसू नका.

दुकान पुन्हा उघडल्यावर आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हा विषय हातात घेतला. ते वकील होते. मिशा अशा झुपकेदार, की त्या कोरायला मालकांना वेगळी कात्री लागायची. ते म्हणाले, "हा सरळ सरळ निष्काळजीपणा आहे. दावा लावू या." आणि दावा लागला. पुढे प्रत्येक वेळी दाढीला आले की ते मालकांकडून साक्ष घोकून घ्यायचे. "न्यायाधीशांनी विचारलं, उभं राहायला त्रास होतो का, तर काय सांगाल?" मालक म्हणायचे, "होतो. फार होतो. थोड्या वेळाने पाय सुन्न पडतो, आधार घ्यावा लागतो." वकील खूश व्हायचे. पण साबणाचा फेस तोंडाला असल्याने नुसती मान हलवायचे.

घोकलेलं सगळं पाठ होतं हो. साक्षीच्या दिवशी मात्र घात झाला. तो कसा झाला ते मालकांनीच संध्याकाळी वकिलांची दाढी करताना सांगितलं. वस्तरा गळ्यावर असला की वकीलही ऐकून घेतात, म्हणून बहुधा त्यांनी ती वेळ निवडली असावी.

मालक पिंजऱ्यात उभे राहिले. समोर न्यायाधीश. मालकांची नजर गेली ती थेट त्यांच्या कानांशी. डावा कल्ला उजव्यापेक्षा खाली होता. कोणत्या गाढवाने कापलाय, असं मालकांच्या मनात आलं. आणि तेवढ्यात तो माणूस त्यांना न्यायाधीश वाटेनासा झाला, गिऱ्हाईक वाटायला लागला. त्याच क्षणी न्यायाधीशांनी मायेने विचारलं, "काय हो, आता कसं आहे? उभं राहून काम करता येतं ना?" आणि मालकांच्या तोंडून निघून गेलं, "एकदम बरं आहे, साहेब. दिवसभर उभा असतो. काही त्रास नाही."

"अहो, मग मी तुम्हाला परत विचारलं होतं," वकील फेसातून कसेबसे म्हणाले.

"तेव्हाही तेच आलं तोंडातून," मालक म्हणाले. "एकदा बरं आहे म्हटल्यावर त्याच माणसासमोर रडायचं कसं?"

वकिलांनी डोळे मिटून घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण काही मुठी कोर्टात तरी उघडायच्या असतात, हे आमच्या मालकांना कोण सांगणार?

निकाल मालकांच्या बाजूने लागला. डॉक्टरांची चूक ठरली. औषधपाण्याची आणि बंद राहिलेल्या दुकानाची भरपाई मिळाली. पण पायाच्या कायमच्या नुकसानीबद्दल न्यायाधीशांनी लिहिलं, की वादी स्वतःच सांगतो, त्याला उभं राहायला त्रास नाही. तेव्हा त्याबद्दल काहीही मिळणार नाही. वकील म्हणाले, "वरच्या कोर्टात जाऊ. अजून मुदत आहे." मालक म्हणाले, "जाऊ द्या, साहेब. जिंकलो ना आपण? जखम कशाला उकरायची." मुदत निघून गेली.

मग एका सकाळी डॉक्टर आले. प्रकरण मिटल्यावर त्यांना हायसं वाटलं असावं. दारात घुटमळले, मग येऊन माझ्यात बसले. मालकांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आरशात बघत डॉक्टरांनी हळूच विचारलं, "पाय कसा आहे आता?"

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या वेळी मलाही वाटलं की बोला हो मालक, आता तरी बोला. त्यांचा सगळा भार माझ्या उजव्या हातावर होता. कंबर माझ्या हाताला टेकवून ते एका पायावर उभे होते. रेक्झीन करकरत होतं. आणि मालक म्हणाले, "बरा आहे, डॉक्टर. मान जरा खाली घ्या."

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना ते खरंच वाटलं. का वाटू नये?

मला फार राग आला होता. कोणाचा, ते मात्र सांगता यायचं नाही. डॉक्टरांचा यावा तर ते विचारत होते. मालकांचा यावा तर ते माझ्याच अंगावर झुकून कसेबसे उभे होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

वर्षं जात राहिली. माझ्या उजव्या हातावरचं रेक्झीन झिजलं, मग फाटलं, मग आतला काथ्या बाहेर आला. डावा हात मात्र नव्यासारखा. माझं बूडही एका अंगाला कलू लागलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "खुर्ची म्हातारी झाली." मी झाले नव्हते. माझ्यावर रोज एक अख्खा माणूस टेकत होता.

मालकांची मुलगी तेव्हा कापडाच्या दुकानात नोकरीला होती. संध्याकाळी सुटली की ती आमच्याकडे येऊन बसायची. एकदा ती बाकावर बसलेली असताना खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशात बघून म्हणालं, "अहो, फरशी लाल कशी झाली?" सगळ्यांनी खाली पाहिलं. वस्तऱ्याचं जुनं पातं कधीतरी खाली पडलं होतं. त्यावर मालकांचा चप्पल निसटलेला पाय पडला होता, आणि तसेच ते माझ्याभोवती फिरत केस कापत होते. एक ठसा इथे, एक तिथे, पूर्ण गोल. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"बाबा, पाय वर करा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही.

"काही नाही गं, बरं आहे," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ती नस आता कधीच जुळायची नाही. इतकी वर्षं एकाच पायावर भार टाकून त्याचा गुडघा आणि कंबरही कामातून गेली आहे. यापुढे उभं राहायचं काम करू नका. न्हाव्याला सांगायचं, उभा राहू नको. इकडे आड आणि तिकडे विहीर.

मुलगी मिशीवाल्या वकिलांकडे गेली आणि त्यांना दुकानातच घेऊन आली. वकील आता थकले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. तिने कागद पुढे केले. "नवा दावा लावायचाय. आता सगळं कळलंय, पाय कायमचा गेलाय."

वकिलांनी नकारार्थी मान हलवली. "एका दुखापतीचा दावा एकदाच, पोरी. तोच माणूस, तेच डॉक्टर, तीच सुई. जे मागायचं, ते सगळं तेव्हाच मागायचं असतं. तेव्हा जे मागितलं नाही, ते सोडलं असं धरतात."

"पण हे दुखणं नवं आहे."

"दुखणं नवं आहे. इजा जुनीच आहे. दुखणं वाढतं, दावा वाढत नाही."

"हा कसला नियम?"

"अगं, नियम वाईट नाही," वकील म्हणाले. "उलटं समज. निकाल तुमच्या बाजूने लागलाय, आणि हरलेला माणूस दर वर्षी नवा दावा घेऊन उभा राहतोय. तुम्हाला झोप लागेल का? भांडणाला कुठेतरी शेवट असावा लागतो."

"शेवट त्यांचा झाला, काका. आमचा कुठे झालाय?"

मालक बाकावर बसून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते. म्हणाले, "तिला कशाला, मला बोला. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

तरीही वकिलांनी दावा लावला. मुलीच्या हट्टासाठी आणि थोडासा स्वतःच्या मनासाठी. आशा ठेवू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं. पण आशा ठेवू नका म्हटल्याने कोणी ठेवायचं थांबतं का? मुलीचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने माझ्या फाटक्या उजव्या हातावरून हात फिरवला, मग धडक्या डाव्या हातावरून. मग खाली बसून माझं कललेलं बूड पाहिलं. "बाबा किती वर्षं कसे उभे राहिलेत, ते हिच्या अंगावर दिसतंय," ती म्हणाली. "कोर्टात हीच दाखवू."

वकील म्हणाले, "पुरावा बघायची वेळ दाराच्या आत गेल्यावर येते. आपल्याला दारातच अडवतील. पण काढून ठेव. बोलावलं तर आणू."

मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटलं ते कसं सांगू! मी साक्ष द्यायला जाणार होते. मला घोकायची गरज नव्हती. "बरं आहे" म्हणायला मला तोंडच नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं.

मालक आणि वकील कोर्टात गेले. मुलगी पाना घेऊन माझ्या पायाशी बसली. आदल्या दिवशी तिने बोल्टांना तेल सोडून ठेवलं होतं. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याने जरा त्रास दिला, पण तोही आला. चौथा गंजून बसला होता. ती पान्यावर लाकडी ठोकळ्याने घाव घालत होती, आणि प्रत्येक घावाला माझं बूड फरशीवर कणभर सरकत होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्याखाली हवा शिरली. गार लागली. दार समोरच उघडं होतं.

त्या दारात मालक येऊन उभे राहिले. मागे वकील.

"राहू दे," मालक म्हणाले. "आवळ परत."

वकील बाकावर टेकले आणि सांगू लागले. न्यायाधीश नवे होते, भले होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, तुमचं दुखणं खरं असेल, मी ते खोटं म्हणत नाही. पण पहिल्या दाव्यात जे मागता आलं असतं, ते आता मागता येत नाही. तो दरवाजा मला उघडता येत नाही. दावा तिथेच संपला.

"आणि तुझ्या बाबांची गंमत ऐक," वकील म्हणाले, पण ते हसले नाहीत. "न्यायाधीशांनी शिपायाला सांगितलं, यांना बसायला खुर्ची द्या. तर हे म्हणतात, नको साहेब, उभं राहायची सवय आहे."

मुलीने काढलेले बोल्ट उचलले आणि एकेक करून परत बसवले. शेवटचा आवळताना ती रडत होती. मीही रडले असते. घट्ट आवळली गेल्यावर मला कळलं की मी आता कुठेच जायची नाही, दाखवायलासुद्धा नाही.

वकील गेले. मुलीने दार लोटून घेतलं. मग तिने मालकांना हाताला धरून उठवलं आणि माझ्यात बसवलं. त्यांच्याच दुकानात, माझ्यात ते पहिल्यांदा बसत होते. ते म्हणाले, "अगं, मी कशाला?" ती म्हणाली, "केस वाढलेत. कोर्टात असेच गेलात." तिने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मला आरशाकडे वळवलं आणि कात्री हातात घेतली. लहानपणापासून बघून बघून तिला सगळं येत होतं. मला ते हाताच्या पहिल्याच स्पर्शात कळलं.

दोन-चार बटा कापल्यावर तिने सहज विचारलं, "बाबा, दुखतंय का?"

मालकांनी तोंड उघडलं. तो शब्द ओठांवर आलाही होता. पण समोर आरसा होता आणि आरशात खुर्चीत बसलेले ते स्वतः होते. त्यांच्या पुढ्यात कोणी गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक आज तेच होते.

"दुखतं," ते म्हणाले. "फार दुखतं गं. दुपारनंतर उभं राहवतच नाही. कमरेतून निघून घोट्यापर्यंत जातं. चप्पल पायात आहे की नाही, ते वाकून बघावं लागतं. पाय अंगाखाली आला तरी कळत नाही, म्हणून झोपायची भीती वाटते."

ते बोलत राहिले. कोर्टात सांगायचं राहिलेलं सगळं, एकही गोष्ट न गाळता. इतकी चोख साक्ष मिशीवाल्या वकिलांनी उभ्या जन्मात ऐकली नसेल. लिहून घ्यायला कोणी नव्हतं. मुलीची कात्री थांबली होती. तिने वाकून आपलं कपाळ त्यांच्या खांद्याला टेकवलं. माझ्या दोन्ही हातांवर त्या दिवशी सारखाच भार होता.

मित्रांनो, आता दुकान मुलगी चालवते. मालक बाकावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि तिने कल्ले वाकडे कापले की लांबूनच खाकरतात. माझ्या उजव्या हाताला तिने नवं रेक्झीन लावायचं ठरवलं होतं, मग म्हणाली, राहू दे असाच. तो फाटका हात तुम्हाला कधी दिसला, तर त्याच्याकडे नीट बघा. आणि माझं एवढं ऐका. कोणी तुम्हाला विचारलं, कुठे दुखतं, तर पहिल्याच वेळी सगळं सांगा, लाजू नका. आणि विचारणारे तुम्ही असाल, तर एकदा "बरं आहे" ऐकून उठून जाऊ नका. कोर्टाला तेच दुसऱ्यांदा विचारता येत नाही, ते त्याच्या नियमाला बांधलेलं असतं, मी या फरशीला बांधलेली आहे तसं. तुम्हाला कोणी बांधलेलं नाही.

आमची मुलगी हे शिकली आहे. सकाळी दुकान उघडलं की ती मालकांना पायाचं दोनदा विचारते. पहिल्यांदा ते अजूनही "बरं आहे" म्हणतात.